मिलोपासून मिलेटपर्यंत

आमच्या घरात माणसं चार आणि रात्रीची जेवणं तीन. आई साडेसातला दुधात भाकरी कुस्करून खाते, "आता काय नको" म्हणते आणि अर्ध्या तासाने केळं मागते. मी आणि बायको नऊला पोळीभाजी. मुलगा जिममधून येतो तेव्हा दहा वाजून गेलेले असतात. त्याच्या ताटात अंडी, पनीर, काकडी आणि शेजारी मोबाइलवर या सगळ्यांची बेरीज. भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी एकदा विचारलं, "तुम्ही वेगळे राहता का हो?"

*

आईपुढे मिलोचं नाव काढायचं नाही. १९७२चा दुष्काळ, आमचं गाव बार्शीकडचं. अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी रेशनवर मिळायची, ती मिलो. तिकडे ती मुख्यतः जनावरांना घालतात ही बातमी गावात आलीच होती. त्यामुळे भाकरी गोड लागली नाही, एवढंच. आई तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मे १९७३मध्ये राज्यभर अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. कामावर सुकडी, म्हणजे कोरडं पौष्टिक खाणं, मिळे. आई तिच्यातली अर्धी पदरात बांधून घरी आणायची, कारण घरी मी होतो.

परवा मुलाने ज्वारीच्या लाह्यांचा पुडा आणला. पुड्यावर शेताचं चित्र, आत तांबूस लाह्या, वर तिखटमीठ. आईने एक लाही चिमटीत धरून उजेडाकडे केली. "तांबडी हाय की रं. मिलो तर न्हवं?"

तिने खाल्ली नाही. मुलाला वाटलं, दात नाहीत म्हणून.

*

हायब्रीड. शहरात हा शब्द आता मोटारीच्या दुकानात ऐकू येतो. आमच्याकडे हायब्रीड म्हणजे ज्वारी. सीएसएच-१ हे देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण १९६४ साली आलं. त्याच्या मागोमाग आलेल्या वाणांनी खरिपाची शेतं भरून टाकली. उतारा दांडगा, पण दाणा भरताना पाऊस लागला की कणसावर बुरशी, दाणा काळा, भाकरी काळपट आणि कडसर. चांगली शाळू पाहुण्याला, हायब्रीड घराला.

माझे चुलते आम्हा पोरांना कुठे धाप लागली की म्हणायचे, "हायब्रीड खाऊन वाढलेली जात, जोर कुठनं येणार?" हे वाक्य तेव्हा पारापारावर ऐकू यायचं. आता तेच वाक्य मी मुलाच्या मॅगीबद्दल माझ्या मित्रांच्या तोंडून ऐकतो. हायब्रीडने पोतं भरलं नसतं तर आमच्यातली निम्मी पोरं टोमणे ऐकायला उरली असती का, हे चुलत्यांना कोणी विचारलं नाही. विचारायची पद्धतही नव्हती.

*

ज्वारी आज बाजारात गव्हापेक्षा महाग. आईचा यावर विश्वास बसत नाही. तिला वाटतं, मला दुकानदार फसवतो.

कारणं साधी आहेत. १९८०च्या दशकात महाराष्ट्रात ज्वारी ६० लाख हेक्टरांच्या आसपास होती. आता २० लाखांच्याही खाली आली आहे. खरिपातली तिची जागा सोयाबीनने घेतली, कारण सोयाबीनचे पैसे होतात. रब्बीची मालदांडी अजून आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण ही ज्वारी भेगाळलेल्या काळ्या रानात हाताने उपटून काढावी लागते. उन्हाचा चटका, हाताला फोड. ज्यांनी ते केलं त्यांच्या पोरांना ते करायचं नाही, आणि मला त्यात काही चुकीचं दिसत नाही.

दुसरीकडे रेशन. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, मुख्यतः गहू आणि तांदूळ. बार्शीकडे भात म्हणजे सणाचा, नाहीतर आजाऱ्याचा. आज त्याच गावात शेतमजुराच्या घरी रोज भात शिजतो आणि ज्वारीची भाकरी नोकरदाराच्या ताटात जाते, डॉक्टरने सांगितली म्हणून. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष झालं, अर्थसंकल्पात ‘श्रीअन्न’ हे नाव मिळालं. मान मिळाला तोवर ज्यांचं ते अन्न होतं त्यांच्या डब्यातून ते निघून गेलं होतं.

*

आईची भाकरी. परातीत पीठ, मधे खळगा, त्यात थोडंथोडं पाणी. तळव्याच्या मुळाने पीठ पुढे रगडायचं, ओढून घ्यायचं, पुन्हा रगडायचं. ज्वारीला गव्हासारखा चिकटा नाही, त्यामुळे सगळी मदार या रगडण्यावर. गोळ्याच्या कडेला चिरा पडेनाशा झाल्या की खाली कोरडं पीठ पसरायचं आणि बोटांनी कडेकडेने थापायचं. थापताना भाकरी आपली आपण फिरते. नीट बघितलं तर आईचा डावा हात तिला नुसता टेकलेला असतो. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर. तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकता सुकता उलटायची. उशीर झाला की चिरते. मग तवा बाजूला आणि भाकरी थेट जाळावर. टम्म फुगली की पापुद्रा सुटला. पीठ जुनं होऊन विरी गेली असेल तर थापतानाच तुटते, तेव्हा उकळतं पाणी घ्यावं लागतं.

माझ्या बायकोला हे जमत नाही आणि तिला त्याचं दुःखही नाही. कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रात भाकरी मिळते.

मुलगा रील बघून शिकला. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात पीठ टाकून उकड काढायची, झाकून ठेवायची, मळायची आणि पोळपाटावर लाटायची. वरून वाटी दाबून गोल कापायची.

"भाकरी लाटत्यात व्हय रं?" आई म्हणाली.

"आजी, तू खाऊन तर बघ."

तिने दोन खाल्ल्या. "दात पडल्याल्यांला बरी हाय," असा निकाल दिला, आणि तेव्हापासून रविवारी त्याच्याकडून करून घेते.

*

भाकरीवर शेंगदाण्याची चटणी आणि तेल. तेल आई पळीने घालायची, पण पळी कलती करून. भांड्यातलं तेल महिनाभर पुरवायचं होतं. पाच लिटरचा कॅन दारात आला तेव्हापासून पळी सरळ झाली.

*

आधीच्या पिढ्यांना खाण्यातलं सोवळंओवळं सोडायला किती लागलं याची एक नोंद पुण्यात आहे. १८९०च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशींच्या यजमानांनी, पुण्यातल्या पुढाऱ्यांना व्याख्यानाच्या निमित्ताने बोलावलं. पुढे चहा-बिस्किटं आली. कोणी घेतली, कोणी नुसता हात लावला. नंतर नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचं प्रकरण, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळक आणि रानडे दोघांनाही प्रायश्चित्ताचा विषय चुकला नाही.

त्या शहरात आज चौकाचौकात अमृततुल्य आहे आणि श्रावणी सोमवारी सकाळी चहाबरोबर खारी न मिळाली तर चिडणारी सोवळ्यातली माणसं मी पाहिली आहेत. पाव तर बाटवणारा. विहिरीत पावाचा तुकडा टाकून गाव बाटवल्याच्या गोष्टी आमच्या आधीच्या पिढीने ऐकलेल्या. त्याच घरांतून आता मिसळीबरोबर पाव कोणत्या बेकरीचा हवा यावर वाद होतात. एवढी उलथापालथ कोणाच्या भाषणाने झाली नाही. भूक, सोय आणि स्टेशनावरचा वडापाव, यांनी ती केली.

*

आषाढी एकादशी. मुलाने विचारलं, "आजी, क्विनोआ उपासाला चालतो का?"

"ते काय असतंय?"

"राजगिऱ्याच्याच कुळातलं धान्य आहे."

"राजगिऱ्याचा भाऊबंद असंल तर चालतंय."

निकाल चोख आहे. आईच्या उपासाच्या ताटातलं काय जुनं आहे ते पाहा. बटाटा, मिरची, शेंगदाणा, रताळं, सगळे अमेरिका खंडातून आलेले. साबूदाणा ज्या कंदाचा होतो तो कसावाही तिकडचाच. तमिळनाडूत सालेमकडे त्याचे कारखाने उभे राहिले ते १९४०च्या दशकात. म्हणजे साबूदाण्याची खिचडी ही परंपरा आपण समजतो तितकी जुनी नाही. माझ्या आजीच्या आजीला उपासाला भगर. परंपरा म्हणून आपण जे सांगतो ते बहुतेक वेळा आपल्याला आठवणाऱ्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या लहानपणापाशी थांबतं.

*

आजीच्या हातची चव, यावर लिहिणारे बहुतेक पुरुष. (मीही पुरुषच, पण निदान नोंद तरी करून ठेवतो.)

आजी पहाटे जात्यावर बसायची. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा "गिरणीचं पीठ जळकं लागतं" अशी कुरकुर झाली. आई म्हणते, कुरकुरणारे सगळे बाप्ये होते. दळणाऱ्या बायकांपैकी कोणी तसं म्हटल्याचं तिला आठवत नाही. आता दुकानात जात्यावरचं पीठ म्हणून वेगळी पिशवी मिळते, विजेवर फिरणाऱ्या जात्यावरचं.

आणि जेवायचा क्रम. आधी पुरुष, मग पोरं, मग सासू, मग थोरली, मग धाकटी. धाकटी म्हणजे माझी आई. तिच्या वाटणीला पिठल्याची खरवड, कालचा भाकरतुकडा, कालवणाचा तळ. खरवड तिला फार आवडते असं आम्ही लहानपणापासून समजत आलो. फ्रिज आल्यापासून शिळं डब्यात जातं आणि डबा उद्या कोणाच्याही पानात येतो. स्वयंपाकघरात समता आली असेल तर तिच्यातला मोठा वाटा फ्रिजचा आणि चौघांना एकदम बसता येईल अशा टेबलाचा. टेबलावर बसायला आईने सुरुवातीला नकार दिला होता, "सगळ्यांच्या संगं कसं बसायचं?"

परवा मुद्दाम विचारलं, "आई, तुला खरवड खरंच आवडते का?"

"न आवडून सांगते कुणाला?"

*

२००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक फोटो छापून आला. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन, शेजारी शेजारी. उंचीच्या मानाने वजन मोजायचा जो आकडा असतो, बीएमआय, तो दोघांचा एकच: २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला दोघेही सडपातळ.

याज्ञिकांच्या गटाने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोंच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५. स्नायू कमी, हाडपेर लहान, पोटातली इंद्रियं लहान; कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. वरून रोड, आतून मेदाळ. ज्या आया पालेभाजी, फळं, दूध वरचेवर खात होत्या त्यांची बाळं मोठी. ज्या शेतात जास्त राबत होत्या त्यांची लहान.

याचा अर्थ मी माझ्यापुरता असा लावतो. मुलाच्या पिढीला साखर का होते याचं उत्तर त्याच्या पिझ्झ्यात शोधायचं ते शोधावंच, पण थोडं मागेही जावं. माझ्या आईने पदरात बांधून आणलेली अर्धी सुकडी कोणाच्या पोटातून कमी झाली? तिच्याच. साखर मला पंचेचाळिशीत लागली. तेव्हा पोट सुटलेलं नव्हतं, वजन बेताचं, आणि दवाखान्यातला पोरगेला डॉक्टर रिपोर्ट दोनदा वाचत होता.

*

मध्यंतरी महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या जीवनशैलीची लाट आली, दिवसातून दोनच वेळा आणि ५५ मिनिटांत जेवायचं. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. ऑफिसात निम्मे लोक घड्याळ लावून डबा उघडायचे. आईला समजावून सांगितलं तर म्हणाली, "दोनच येळा? आम्ही काय चार येळा खात हुतो?" त्याच सुमाराला ऋजुता दिवेकर सांगत होत्या की आजी खायची ते खा, तूप खा, भात खा. घरात दोन्ही पंथांचे अनुयायी झाले. तूप लवकर संपायला लागलं एवढा फरक पडला.

मुलाचा पंथ तिसरा, प्रोटीन. त्याला हुलग्यात शंभर ग्रॅममागे बावीसेक ग्रॅम प्रोटीन असतं हे कळलं तेव्हा तो स्वयंपाकघरात आला. आईने हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे केले: पीठ तिखटमीठ, लसूण, ओवा घालून घट्ट भिजवायचं, तळहातावर वळून लांब दोरी करायची, वेटोळं करून उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडायचं. त्याने दोन वाट्या चेपल्या.

"आजी, यात ताकद आहे गं."

"असंल की. घोड्याला घालत्यात त्ये."

*

या सगळ्यात ‘जुनं जेवण’ म्हणून जे मिरवलं जातं ते कोणाचं, हा प्रश्न शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकाने २०१५मध्ये विचारला. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतली चूल त्यात आहे: तेल बेताचं, मसाला त्याहून बेताचा, गोमांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून केलेल्या चान्या, अडीनडीला पुरवून पुरवून खायच्या. आमच्या गावच्या पंगतीत हे पदार्थ कधी दिसले नाहीत, कारण ज्यांचे होते ते पंगतीत नव्हते.

त्याच वर्षी राज्यात गोवंशहत्याबंदीचा विस्तारित कायदा आला. चान्या पुस्तकात आल्या त्याच वर्षी चुलीवर येणं अवघड झालं. त्या घरांतल्या नातवंडांना आजीची कृती आता बहुधा वाचूनच कळेल. असा तुटलेला दुवा आमच्या खरवडीपेक्षा फार मोठा आहे, आणि मासिकांच्या पाककृती विशेषांकांत त्याला जागा मिळालेली मी पाहिलेली नाही.

*

सरकारी पाहणी, २०२२-२३, देशभराची. खेड्यातल्या माणसाच्या खर्चात खाण्याचा वाटा पहिल्यांदा निम्म्याच्या खाली आला, ४६ टक्क्यांवर. त्यात तृणधान्यांवर जेमतेम ५ टक्के. १९९९-२००० साली ते २२ होते. आणि पेयं, बिस्किटं, वेफर, तयार पदार्थ यांवर जवळपास १० टक्के. म्हणजे खेड्यातसुद्धा पिठाच्या दुप्पट पैसे पुड्याला जातात. गावच्या दुकानात गेलात तर आकडेवारी लागत नाही. दारात माळांनी लटकलेल्या पाच रुपयांच्या पुड्यांतून वाकून आत जावं लागतं.

*

बायकोकडे कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आहे, तिच्या आईची. पहिली आवृत्ती १९७०ची. ही नंतरची, पण चिरोट्यांच्या पानावर तुपाचा डाग जुना आहे. वाटी-चमच्याचं माप छापून आल्यामुळे सासूला न विचारता सुनेला स्वयंपाक करता येऊ लागला, आणि माझ्या मते पुस्तकाच्या खपामागे हेही एक कारण असणार. आईचं माप आजही मूठ, चिमूट आणि "बघून". मुलगा ‘मधुराज रेसिपी’ लावतो, व्हिडिओ थांबवतो, मागे नेतो. एकदा त्यात आणि आईत पुरणाच्या सैलपणावरून मतभेद झाला तेव्हा आई मोबाइलकडे तोंड करून बोलायला लागली. पुरण आईच्या म्हणण्याप्रमाणे झालं.

*

गिरणी. आमच्याकडे मंगळवारी आणि शनिवारी ज्वारी-बाजरी, एरवी गहू. हल्ली काही तरुण गिऱ्हाइकं सकाळी शटर उघडायच्या आधी उभी असतात. त्यांना गव्हाचा कणही चालत नाही. काहींना खरोखर बाधतो, काहींनी वाचलेलं असतं. गिरणीवाला पाती झाडतो, मग त्यांच्याच ज्वारीतल्या दोन मुठी आधी दळून ते पीठ वेगळं काढतो आणि नंतर दळण घालतो. एका शनिवारी आई माझ्याबरोबर आली होती, बाकावर बसून अशाच एका गिऱ्हाइकाचं गिरणीवाल्याशी चाललेलं भांडण बघत होती.

"काय झालं? भांडण कशाचं?"

म्हटलं, "त्यांच्या ज्वारीत गव्हाचं पीठ आलं म्हणतात."

"मग? आमच्यात दिवाळीलाच यायचं त्ये."

वेगळं काढलेलं पीठ तिने मागून घेतलं. गिरणीवाल्याने अशा दळणाला किलोमागे दोन रुपये जादा लावले आहेत, आणि शनिवारची रांग वाढलीच आहे.